ओलं आहे, पाय ठेवायचा नाही

१

वाल्मीक मिस्त्री फरशी कानानं तपासायचे.

त्यांच्या खिशात पाच रुपयांच्या जुन्या, जाड नाण्याचा ठोकळा असे. उकिडवं बसायचं, ठोकळा बोटांत धरायचा, फरशीवर दोनदा ठोकायचं आणि थांबायचं. थांबल्यावर त्यांचा चेहरा असा होई, जसं कुणीतरी वडीलधारं माणूस हळू आवाजात बोलतंय आणि एकही शब्द सुटता कामा नये. ‘ठक’ असा आवाज आला की फरशी भरीव. ‘टप’ आला की खाली पोकळी, फरशी चिकटवायचा मसाला पोचलेला नाही.

“फरशीला विचारायचं असतंय,” ते यशश्रीला म्हणाले. “नीट बसलीस का म्हणून. ती खोटं नाय बोलत. माणसं बोलत्यात.”

“तुम्ही बोलता,” त्यांच्या बायको नवसाबाई बादलीत मसाला कालवता कालवता म्हणाल्या. “काल म्हनले पाचला सिन्नरच्या जीपात बसू. साडेसात झाले तरी फरशीशी गप्पा चालूच.”

यशश्री हसली, पण बोलली काही नाही. ती नववीत होती आणि कमी बोलणाऱ्या मुलींत तिचा पहिला नंबर लागला असता. हजेरीच्या वेळी तिचं नाव दोनदा घ्यावं लागे, बाई म्हणत, “अगं, बाकावर आहेस ना? मग आवाज दे की!” या दिवाळीच्या सुट्टीत तिला घरी एक काम दिलं होतं, न बोलता करता येईल असं. आई बँकेत, बाबा अंबडच्या कारखान्यात. तेव्हा मिस्त्रींना काय लागतं ते बघायचं.

काम आजोबांसाठी होतं. हिरावाडीतल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मोठं बाथरूम होतं ते बिल्डरनं घाईघाईनं केलेलं. फरशांखाली अर्ध्या जागी हवाच होती. श्रावणात तिथली एक पोकळ फरशी आजोबांच्या पायाखाली कडकन मोडली आणि आजोबा पडले. खुबा मोडला, ऑपरेशन झालं. आता ते चांदवडला आत्याकडे होते आणि सुट्टीच्या शेवटच्या शनिवारी घरी यायचे होते. डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, “पुन्हा एकदा पडले, तर मग उठणं कठीण.”

यज्ञेश्वर आजोबांनी पन्नास वर्षं रामकुंडावर यात्रेकरूंना पूजा सांगितली होती. कुठून कुठून माणसं यायची, दार वाजवायची. त्यामुळं दारावर काहीही वाजलं की आजोबा आतूनच म्हणायचे, “या, या, आत या!” कोण आहे ते बघायचेही नाहीत. एकदा पाण्याचं मशीन विकणाऱ्या माणसाला त्यांनी पाटावर बसवून त्याचं गोत्र विचारलं होतं.

ते घरात नव्हते, तर दाराचा आवाजच ओकाबोका वाटायचा.

२

यशश्रीला वाटायचं, बाथरूम म्हणजे फरशी लावली की झालं. मिस्त्रींनी आठ दिवस फरशीला हातच लावला नाही.

आधी त्यांनी जुनं सगळं फोडून स्लॅबपर्यंत नेलं. मग ब्रश घेऊन कोपरान् कोपरा झाडला, लहान बाळाचे कान पुसावेत तसा. जिथं भिंत जमिनीला मिळते तिथं सिमेंटची गोलाई केली. “काटकोनात पाणी दडून बसतं,” ते म्हणाले. “गोल केलं की त्याला बसायला जागाच नाय.” मग कोपऱ्यांतून जाळीची पट्टी, पाइपांच्या गळ्याभोवती जाळीची पट्टी. त्यावर पाणी अडवणाऱ्या केमिकलचा पहिला हात आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा. ब्रशच्या एकाही ओढीत घाई नव्हती. वर फरशी बसली की यातलं काही कुणालाही दिसणार नव्हतं. न दिसणाऱ्या कामावर कुणी एवढी माया करतं, हे यशश्रीनं पहिल्यांदा पाहिलं.

प्रत्येक थर दिला की ते दारात खडूनं ठळक लिहायचे, ‘ओलं आहे’. एका सकाळी बाबा झोपेतच, तोंडात ब्रश घेऊन तिकडे निघाले.

“ओलं हाय अजून! पाय ठेवायचा नाय!”

मिस्त्री ओरडले नव्हते. पण त्या आवाजात असं काही होतं, की बाबांचा उचललेला पाय हवेतच थांबला आणि ते दोन पावलं मागं गेले. नंतर आईला म्हणाले, “इंदिरा, मला माझ्या वडिलांनीसुद्धा असं कधी थांबवलं नव्हतं.”

“किती ओलं राहतं?” यशश्रीनं विचारलं. तिनं आपण होऊन विचारलेला तो पहिला प्रश्न.

“चोवीस तास. त्याच्यापुढं माझा शब्द चालत नाय.”

मग पाण्याची परीक्षा. दारात विटांचा बांध घालून बाथरूम वीतभर पाण्यानं भरलं. भिंतीवर पाण्याच्या काठाला पेन्सिलची रेघ मारली आणि पाणी दोन दिवस तसंच ठेवलं. यशश्री येता-जाता बांधाशी उभी राहून बघायची. पाणी इतकं स्तब्ध होतं की छत त्यात पडल्यासारखं दिसायचं. वाकलं की खाली एक मुलगी उलटी लटकलेली दिसायची, वर बघत. बांधावर उभं राहिलं की तिचे तळवे आपल्या तळव्यांना टेकलेत असं वाटे. गंमत होती. थोडा वेळच गंमत वाटायची.

दोन दिवसांनी पाणी रेघेवरच होतं. खालच्या फ्लॅटचं छत तपासायचं होतं. तो फ्लॅट दोन वर्षं बंद होता, मालक पुण्याला. वॉचमन केरूमामांनी किल्ली आणली. खाली सगळीकडे धूळ, खुर्च्यासुद्धा नव्हत्या. मिस्त्रींनी स्टुलावर चढून छतावर हाताचा पंजा पालथा फिरवला.

“काय लागलं हाताला?” केरूमामांनी विचारलं.

“कोरडी धूळ.”

“तेवढी फुकट घेऊन जा,” केरूमामा म्हणाले. मिस्त्री हसले नाहीत, पण खाली उतरताना त्यांनी धुळीचा तो हात पुसला नाही. बक्षीस मिळाल्यासारखा तसाच धरून वर आले.

३

भिंती झाल्यावर रविवारी जमिनीची फरशी लागली. खरबरीत, राखाडी, एक फूट बाय एक फूट. पाच रुंद, सहा लांब, अशा तीस. शॉवरखालच्या भिंतीपासून सुरुवात, शेवट दारात.

आजोबांच्या वॉकरला अडथळा नको म्हणून दाराचा उंबरा काढून टाकला होता. आतली फरशी बाहेरच्या पॅसेजच्या फरशीला थेट भिडली. पाणी बाहेर येऊ नये म्हणून मिस्त्रींनी जमिनीला शॉवरकडे ढाळ दिला, इतका बारीक की डोळ्याला कळू नये आणि पाण्याला कळावा. दातेरी थापीनं मसाल्यावर सरळ रेघा ओढायच्या, फरशीच्या पाठीलाही पातळ हात द्यायचा, मग ती टेकवून थोडी पुढं-मागं सरकवायची, म्हणजे खालची हवा रेघांमधून पळून जाते. तीस वेळा त्यांनी हे केलं आणि तिसाव्या वेळीही पहिल्यासारखंच.

“उद्या चारला येऊन विचारीन त्यांना,” मिस्त्री हात धुताना म्हणाले. “तोवर ठोकायचं नाय. ओल्या मसाल्याला धक्का लागला की फरशी बसायच्या आधी उठती.”

चार वाजता दोघं गेले. आईबाबा आजोबांना बघायला चांदवडला गेले होते. घरात यशश्री एकटी.

तिनं ठोकायला नको होतं. हे तिला तेव्हाही माहीत होतं. पण तिला तो आवाज ऐकायचा होता, आपल्या कानानं, कुणी बघत नसताना. शिवाय तिनं हिशेब केला, शॉवरखालची फरशी सकाळी नऊला, सगळ्यांच्या आधी बसली होती. ती तर वाळली असेल. तिनं जळमटं काढायची लांब काठी आणली, दारातच उभं राहून तिचं टोक पलीकडे पोचवलं आणि हलकेच ठोकलं. दोनदा. मग मिस्त्रींसारखीच थांबली.

ठक, ठक. किती सुंदर भरीव आवाज!

आणि मग, काठी वर उचललेली असताना, आणखी एक. ठक.

खाली कुणी खुर्ची सरकवली असेल, असं म्हणून तिनं काठी ठेवून दिली. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

रात्री झोपताना तिला आठवलं, खाली खुर्च्या नाहीत.

४

सोमवारी चारला मिस्त्रींनी दारापासून सुरुवात केली. दोनदा ठोकायचं, थांबायचं. एकोणतीस फरशा ठक म्हणाल्या. तिसावी, शॉवरखालची, टप.

मिस्त्रींनी पुन्हा ठोकलं. टप.

नवसाबाईंच्या हातातली बादली खाली टेकली. बावीस वर्षांत त्यांच्या नवऱ्याच्या हातची फरशी कधी पोकळ निघाली नव्हती, हे त्या प्रत्येक घरात सांगायच्या.

यशश्रीच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. बोलायला हवं होतं. शब्द घशापर्यंत आले आणि बाकावर बसावेत तसे तिथंच बसले.

“काढून बघू,” मिस्त्री म्हणाले.

फरशी निघता निघत नव्हती. छिन्नी लावून, कडेनं एकेक इंच उचलून ती निघाली, तेव्हा मिस्त्रींनी तिची पाठ उजेडाकडे धरली. पाठीवर मसाला कडेपासून कडेपर्यंत चिकटलेला होता. रेघा पूर्ण दबलेल्या. पोकळी सोडा, टाचणी शिरेल एवढी फट नव्हती. खालचा पाणी अडवणारा थर शाबूत. त्यांनी त्यावर ठोकळा वाजवला. ठक.

“मग आवाज कशाचा आला?” यशश्रीनं विचारलं.

“कान चुकला असंल माझा.” पण त्यांनी ते अशा सुरात म्हटलं, जसा आंधळा म्हणेल, मला दिसलं असेल.

त्यांनी नवी फरशी बसवली, दारात पुन्हा खडूनं लिहिलं आणि स्वयंपाकघरात ओट्यामागच्या फरशांना हात घातला. ते काम आठवडाभर पुरणार होतं, त्यामुळं ते रोज येणारच होते.

मंगळवारी शॉवरखालची फरशी ठणठणीत भरीव झाली होती. तिच्या पुढच्या ओळीतली, जरा उजवीकडची, टप वाजली.

५

यशश्रीनं भूमितीच्या वहीत आलेखाच्या पानावर तीस चौकोन काढले आणि पोकळ फरशी पेन्सिलनं रंगवली. तिचं स्वतःचं एक कारण होतं. मसाला वाळताना आकसतो, आवाज बदलतो, असं काहीतरी असणार. रोज टिपलं तर कळेल.

बुधवारी तिसऱ्या ओळीतली, डावीकडची. मंगळवारची पुन्हा भरीव.

गुरुवारी चौथ्या ओळीतली, उजवीकडची.

तिनं वही मांडीवर ठेवून चार काळे चौकोन बघितले. डावा, उजवा, डावा, उजवा. एका फुटावर एक. शॉवरपासून दाराकडे. ती बराच वेळ दुसरं काहीतरी दिसावं म्हणून बघत राहिली. वही फिरवूनही बघितली. उलट्या बाजूनंही ती पावलंच होती. जरा आखूड, आजोबांच्या आताच्या पावलांएवढी, किंवा चालायला नुकतंच शिकणाऱ्या कुणाच्या.

दारानंतर पॅसेज होता. पॅसेजनंतर उजवीकडे आजोबांची खोली.

ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि मिस्त्रींसमोर वही धरली. मग खाली बघत, एका दमात तिनं सगळं सांगितलं. काठी, दोनदा ठोकणं, थांबणं, नंतरचा तो एक आवाज.

“अगं माझी माय,” नवसाबाई म्हणाल्या. “चार दिस हे पोटात ठिवलंस?”

“मला वाटलं तुम्ही रागवाल.”

“रागवायचं काय त्यात? हे म्हनत्यात तुझा कान लय चांगला हाय. पर कानाबरोबर जीभबी दिलीय देवानं.”

मिस्त्री रागावले नाहीत. ते वही बघत होते.

“दोनदा ठोकून थांबलीस,” ते सावकाश म्हणाले. “विचारल्यासारखं.”

“हो.”

“हे काय हाय ते मला नाय माहीत, बाळा. उगं सांगणार नाय.” त्यांनी वही परत दिली. “पण भेग असती, तर काय करायचं ते मला माहीत हाय. भेगही अशीच चालत येती. एका फरशीतून दुसऱ्या फरशीत, दुसरीतून तिसरीत. एका खोलीतली भेग घर फिरून येती, जर तिला वाटेत सलग फरशी मिळाली तर. म्हणून दारात सांधा सोडायचा असतो. मऊ. इकडची फरशी तिकडच्या फरशीला शिवता कामा नये.” ते उठून बाथरूमच्या दाराशी गेले आणि जिथं उंबरा होता तिथं बोट ठेवलं. “हितं चूक माझी हाय. तुझ्या आजोबांच्या वॉकरसाठी म्हणून मी उंबरा काढला आणि फरशी फरशीला भिडवली. वाट मोकळी करून दिली.”

एवढं मोठं माणूस एका शाळकरी मुलीसमोर आपली चूक बोलून दाखवतं, हे यशश्री विसरणार नव्हती.

त्याच दुपारी त्यांनी कटर लावला. पाणी अडवणारा थर जिथं संपत होता, त्याच्या दोन बोटं बाहेर, दाराच्या या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत, करंगळीएवढी रुंद चीर स्लॅबपर्यंत नेली. तोंडाला रुमाल बांधून, रेघ केसभर न हलवता. धूळ ब्रशनं काढली, मग ओल्या फडक्यानं, मग कोरड्या. तळाशी फोमची दोरी दाबली आणि वर राखाडी, रबरासारखा मसाला भरून बोटानं असा ओढला की दोन्ही फरशांच्या पातळीत बसला. वॉकरला कळणारही नाही असा.

“ह्यो कधीच दगड होणार नाय,” ते म्हणाले. “मऊच राहील. इकडचं इकडं, तिकडचं तिकडं.”

६

शुक्रवारी पाचवी ओळ, डावीकडची.

शनिवारी सकाळी सहावी ओळ, दारातली. डावी आणि उजवी, दोन्ही. शेजारी शेजारी. टप. टप.

मिस्त्रींनी सांध्याच्या अलीकडं, पॅसेजची फरशी वाजवली. ठक. पुढची. ठक. आजोबांच्या खोलीपर्यंत सगळ्या ठक. ते उठले, कपाळावरचा घाम पुसला. बाहेर गारवा होता.

“थांबलंय,” नवसाबाई हळूच म्हणाल्या.

“उभं हाय,” मिस्त्री म्हणाले. मग यशश्रीकडे बघून त्यांनी ते शब्द परत घेतल्यासारखे केले. “थांबलंय.”

आईला त्यांनी एवढंच सांगितलं, दारातल्या दोन फरशांना जरा आवाज आहे, पण मोडायच्या नाहीत, त्यांची जबाबदारी माझी. आईनं त्या दोन फरशांवर स्वतः उभं राहून, उडी मारून बघितली. काही झालं नाही. आईचं समाधान झालं. जाताना मिस्त्रींनी यशश्रीच्या वहीत आपला नंबर लिहिला. अंक त्यांच्या फरशांसारखेच एका ओळीत, सारख्या अंतरावर.

संध्याकाळी आजोबा आले. नवं बाथरूम बघून बाबांना म्हणाले, “अरे आल्हाद, मी आंघोळ करायची का इथं मुक्काम करायचा?” खूप दिवसांनी घर हसलं.

रविवारी सकाळी बाबांनी त्यांना आंघोळीला नेलं. आजोबा वॉकर धरून दारातच थांबले, त्या दोन फरशांवर, तोंड आत करून. यशश्री मागं पॅसेजमध्ये टॉवेल घेऊन उभी होती. तिला त्यांच्या टाचा दिसत होत्या, भेगाळलेल्या, ओळखीच्या.

“बघा बाबा, ढाळ कसा दिलाय मिस्त्रींनी,” असं म्हणून बाबांनी एक मग पाणी आजोबांच्या पायांशी ओतलं.

पाणी पसरलं. क्षणभर फरशीवर आरसा झाला. त्यात आजोबांच्या टाचांखाली टाचा दिसायला हव्या होत्या.

टाचांखाली बोटं होती. पाच आणि पाच. आजोबांच्या तळव्यांना तळवे टेकवून खाली जे कुणी होतं, त्याचे पाय आत वळलेले नव्हते. दाराकडे, पॅसेजकडे, तिच्याकडे वळलेले होते.

मग ढाळानं आपलं काम केलं. पाणी एका ओढीत, एकही थेंब मागं न ठेवता, शॉवरकडं निघून गेलं.

“वा!” आजोबा म्हणाले. “माणूस कसबी आहे.”

७

यशश्रीला फोनवर बोलायला आवडायचं नाही. त्या दिवशी तिनं स्वतः नंबर फिरवला. तिनं पाहिलेलं तीन वाक्यांत सांगितलं. तिकडं कुठल्यातरी दुसऱ्या घरात कटर चालू होता, तो बंद झाला.

“सांधा दाबून बघ,” मिस्त्री म्हणाले. “मऊ हाय?”

“हो.”

“मंग तो त्याचं काम करतोय. तू आता ठोकू नको. विचारायचं नाय.”

“आणि तिकडून विचारलं तर?”

तिकडं कटर खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, “तू गप राहणारी हायेस. ते बरं हाय.”

दुपारी आईबाबा आंघोळीची खुर्ची आणायला मेन रोडला गेले. आजोबा आपल्या खोलीत पडले होते, दार उघडं. यशश्री पॅसेजमध्ये जमिनीवर बसून उद्याच्या शाळेच्या वह्यांना कव्हरं घालत होती. बाथरूमचं दार अर्धं लोटलेलं होतं. सांध्यावर तिनं उगीचच एक बोट ठेवलं होतं, ताप बघायला कपाळावर ठेवतात तसं.

ठक, ठक.

दारातल्या फरशीतून. आणि मग ते थांबलं. ते थांबणं तिला चांगलं ओळखीचं होतं. दोनदा ठोकायचं आणि कान द्यायचा.

तिनं श्वास धरला. उत्तर न देणं तिला येत होतं. आयुष्यभर तिनं तेवढंच तर केलं होतं. बाई दोनदा हाक मारायच्या आणि कंटाळून पुढच्या नावाकडे वळायच्या. हेही वळेल. तिनं ओठ घट्ट मिटले.

आतल्या खोलीतून आजोबांचा आवाज आला, झोपेतून नुकताच उठलेला, आनंदी.

“या, या, आत या!”

तिच्या बोटाखालचा सांधा दबला. खालून नव्हे, बाजूनं. बाथरूमकडून पॅसेजकडे, हळूच, जशी कुणी पुढच्या पावलाची बोटं टेकवावीत तशी. राखाडी रबराचा फुगवटा तिच्या बोटाच्या पेराएवढा वर आला.

यशश्री उठून उभी राहिली. तिच्या घशातून जो आवाज निघाला तो तिनं आधी कधी ऐकला नव्हता. तो तिचा नव्हताच म्हणा.

“ओलं हाय अजून! पाय ठेवायचा नाय!”

घर एकदम शांत झालं. पंख्याचाही आवाज येईना, की तिलाच ऐकू येईना. ती सांध्याकडे बघत राहिली. फुगवटा तसाच होता. मग तो हळूहळू बसला, बाबांचा उचललेला पाय मागं गेला होता तसा. सांधा फरशीच्या पातळीत आला. मऊ, सपाट, केसभरही वाकडा नाही.

“यशू?” आजोबा आतून म्हणाले. “कोण आलं होतं गं?”

“कुणी नाही, आजोबा.”

“मग कुणाशी बोललीस? आणि एवढ्या खणखणीत? अगं, तुझ्या बाईंनी ऐकलं तर पेढे वाटतील!” ते मनापासून हसले.

तिनं भूमितीची वही उघडली. अक्षर नीट काढलं. तारीख लिहिली. घड्याळ बघून वेळ लिहिली, चार वाजून दहा मिनिटं. त्याच्यापुढं लिहिलं, ‘ओलं आहे’.

चोवीस तास. त्याच्यापुढं माझा शब्द चालत नाय, मिस्त्री म्हणाले होते.

म्हणजे उद्या चार वाजून दहा मिनिटांनी कुणीतरी या दारात उभं राहून पुन्हा सांगायला हवं. उद्या आईबाबा कामावर असतील. आजोबा घरी असतील.

उद्या शाळा उघडत होती. ती सुटायची साडेपाचला.